मिलिंदने निवडलेला राउटर

मिलिंदने मला फसवलं, आणि त्या फसवणुकीत माझी बायको मंदा त्याला सामील होती. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आला, गेला, पुन्हा आला... मिलिंदला जाऊन पाच आठवडे झाले, एवढ्या काळात माणूस थोडा निवतो. जुनी यंत्रं, मोटारी, भंगार घ्यायचं आणि विकायचं हा माझा धंदा. जालन्याच्या एमआयडीसीत माझं गोदाम आहे. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो. आणि मला फसवलं कोणी, तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका मास्तराने, ज्याने जन्मात कधी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची एक काडी जास्तीची मागितली नाही.

पाच आठवड्यांपूर्वी एका सकाळी वजनकाट्यावर ट्रक उभा होता आणि मी ड्रायव्हरशी हुज्जत घालत होतो, तेव्हा शालिनी वहिनींचा, म्हणजे मिलिंदच्या बायकोचा, फोन आला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सर गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" मला खरंच वाटलं की तो अंबडला, त्याच्या गावाकडे गेला असेल आणि फोन घरी विसरला असेल.  मागे कोणीतरी मोठ्याने रडत होतं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. त्याने न विचारता काट्यावरून ट्रक खाली घेतला आणि बाजूला लावला.

आम्ही दोघं आयटीआयच्या वर्गात भेटलो होतो. मी भोकरदनकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. तो अंबडजवळच्या गावातला. त्याचे वडील मजुरी करायचे आणि गावातल्या बुद्धविहाराचं सगळं काम बघायचे. जालन्यात आम्ही एक खोली केली होती, पत्र्याची. उन्हाळ्यात ती इतकी तापायची की आम्ही ओला टॉवेल अंगावर घेऊन अभ्यास करायचो. म्हणजे तो करायचा. मी बाजारात फिरायचो, बंद पडलेले पंखे आणायचो, तो दुरुस्त करायचा, मी विकायचो. माझ्या धंद्याची सुरुवात त्या पंख्यांपासून झाली. पुढे तो त्याच आयटीआयमध्ये शिकवायला लागला, मी गोदाम घेतलं. तो मला नाऱ्या म्हणायचा. चिडला की शेट म्हणायचा.

एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यात आहे, हे मला आता कळतं. एका दिवाळीत मी त्याला गावी घेऊन गेलो. माझ्या वडिलांनी त्याला पाणी दिलं ते वेगळ्या पेल्यातून, आणि तो पेला नंतर ओट्याच्या बाहेर ठेवला. मी वडिलांवर असा तुटून पडलो की शेजारची माणसं गोळा झाली. ताटं वाढलेली होती, तशीच सोडून मी मिलिंदला ओढत एसटी स्टँडवर आणलं. वर्षभर मी गावी गेलो नाही. आपण मित्रासाठी केवढं केलं, या तोऱ्यात होतो.  बसमध्ये तो म्हणाला, "नाऱ्या, पेला माझा होता. भांडण तुझं झालं. तुझी आई दारात उभी राहून मला थांब म्हणत होती, ते तू ऐकलं न्हाई. मला तिच्या हातचं खायचं होतं." तेव्हा मला त्याचाच राग आला होता.

आता राउटरचं, म्हणजे इंटरनेट घरभर पोचवणाऱ्या त्या डबीचं सांगतो. वाचकांना वाटेल की गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हे काय मध्येच. पण त्याचे शेवटचे रविवार त्यातच गेले. आमच्या घरी इंटरनेट आहे. मंदा धंद्याची सगळी बिलं आणि कागद घरच्या कॉम्प्युटरवर करते. गोदामात आणि घरी कॅमेरे बसवलेले आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी इंटरनेट देणाऱ्याचा माणूस वायर बदलायला आला आणि जाता जाता मंदाला म्हणाला, मागच्या गच्चीवरचा झोका छान आहे, नवीन घेतला का. तो दारातून आत आला होता आणि दारातूनच परत चालला होता. मागची गच्ची त्याने पाहिलेली नव्हती. ती दिसते फक्त आमच्या कॅमेऱ्यातून. मंदा रोज दुपारी केस वाळवत त्या झोक्यावर बसते. तिने मला हे सांगितलं आणि मी गोदामातली लोखंडी सळई घेऊनच निघालो.

मिलिंद वाटेत आडवा आला, कारण मंदाने मला सांगण्याआधी त्याला फोन केला होता. माझ्या बायकोला मी ओळखतो असं मला वाटतं, पण ती मला जास्त ओळखते. मिलिंदने माझ्या हातातली सळई घेतली, भिंतीला टेकवली आणि म्हणाला, आधी डबी बघू. त्याने आमच्या राउटरमध्ये डोकं घातलं. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच होता. बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत येण्याची वाट उघडी ठेवलेली होती, आणि आतलं सॉफ्टवेअर कित्येक वर्षांत कोणी नवं केलेलं नव्हतं. मग त्याने डबी उलटी केली. खाली दुसऱ्याच कोणाच्या घराची चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणजे कोणाकडची तरी काढलेली जुनी डबी मला दिली होती. का दिली, तेही मला माहीत होतं. मी त्या इंटरनेटवाल्या मालकाला भावात इतकं दाबलं होतं की त्याने कबूल केलेली नवी डबी देणं परवडलंच नसतं. मिलिंद माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "शेट, भाव पाडला की माल बी पडतो." त्या इंटरनेटवाल्याकडे आम्ही दोघं गेलो, मिलिंद बोलला, मी सळईशिवाय नुसता उभा होतो. मालकाने त्या माणसाला कामावरून काढलं. पण मिलिंदचं म्हणणं होतं की माणूस काढून दार बंद होत नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो आमच्याकडे यायला लागला. त्याच्या मनात होतं की विकतच्या डबीबरोबर येईल ते सॉफ्टवेअर वापरायचंच नाही. ज्याचा आतला कोड सगळ्यांसमोर उघडा आहे, जगभरची माणसं मिळून जे तयार करतात आणि फुकट देतात, ते घालायचं. फुकट म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. माझ्या धंद्यात फुकट माल दोनच प्रकारचा असतो, चोरीचा किंवा सडका. तो हसला. त्याने विचारलं, वजनकाटा बंद खोलीत असेल आणि मालक आतून नुसता आकडा ओरडत असेल, तर तू तिथे माल देशील का? मी म्हटलं, बिलकुल न्हाई. तो म्हणाला, मग घराच्या दाराला तसलं कुलूप कशाला? एवढ्या एका वाक्यात मला उघड्या कोडचं सगळं गणित कळलं. मात्र तो भाबडा नव्हता. काटा उघड्यावर असला म्हणजे कोणी त्याच्याकडे बघतोच असं नाही, असंही तो म्हणायचा. म्हणून आधी पाहायचं की बघणारी माणसं किती आहेत, नवं भोक सापडलं तर ते किती दिवसांत बुजवतात, आणि आपण घेऊ त्या डबीसाठी पुढची किती वर्षं नव्या दुरुस्त्या देत राहतील.

त्याच्यासमोर तीन सॉफ्टवेअर होती. नावं इंग्रजी आहेत, ती देत नाही. एक अगदी हलकं, छोट्या डबीवर चालणारं. दुसरं भारदस्त, त्याला अख्खा कॉम्प्युटर लागतो, पण कोण आलं, कोण गेलं, कोणाला अडवलं, याचा सगळा हिशोब ते मांडतं. तिसरं दुसऱ्यामधूनच भांडून वेगळं निघालेलं. मी म्हटलं, म्हणजे भाऊबंदकी तिथेही आहे. तो म्हणाला, आहे, आणि वाटणी झाल्यावर धाकट्याचं घर जास्त नीटनेटकं निघालं. स्वतःच्या घरी त्याने ते धाकट्याचं, म्हणजे तिसरंच घातलेलं होतं. माझ्या घरीही तेच बसावं, असा माझा हट्ट होता, कारण जुने कॉम्प्युटर माझ्या गोदामात ढिगाने पडलेले आहेत. तो म्हणायचा, तुझा भंगारातला कॉम्प्युटर दिवसभर वीज खाईल, पंख्याचा आवाज करेल, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरची बॅटरी उतरवेल. मी म्हणायचो, दुसरा देतो, चांगला देतो. चार रविवार आम्ही यावर वाद घातला. मला वाटत होतं की तो मजा घेतोय. तो मजा घेतही होता. चहा निवून जायचा, मंदा दुसरा करायची, आम्ही तोही निववायचो.

मग पाचव्या रविवारी तो आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, ठरलं, हलकं वालं घालायचं, छोट्या डबीवर. मी खवळलो. मी म्हटलं, तुझ्या घरी एक आणि माझ्या घरी दुसरं? चांगला माल स्वतःला ठेवून हलका मित्राला? तो खुर्चीवर हळूच टेकला आणि म्हणाला, "माझ्या घरी मी आहे, नाऱ्या."

मी हे वाक्य असं घेतलं की तो शिकलेला आहे आणि मी अडाणी, असं त्याला म्हणायचंय. मला ते लागलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही... दोन दिवस.

आता मंदा सांगते की आदल्या आठवड्यात तो संभाजीनगरला जाऊन आला होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि पसरलेला. डॉक्टरांनी काही महिने सांगितले होते. मग त्याने घरी बसून सगळं पुन्हा नव्याने तपासलं. सर्वात चांगलं कोणतं हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. आपण नसताना या घरात कोणतं चालेल, हा प्रश्न घेतला. बिघडलं तर एका फायलीतून पुन्हा जसंच्या तसं उभं करता येईल, डबी बदलली तरी घाबरायचं काम नाही, नवी आवृत्ती आली तर एक माणूस वहीत बघून ती घालू शकेल. आणि तो एक माणूस मी नसणार, हेही त्याने ठरवलं. तो मंदाला शिकवायला लागला. मी तक्रार केली तर म्हणाला, तुला पासवर्ड दिला तर तू काट्यावर ओरडून सांगशील. आम्ही तिघंही हसलो होतो.

डबी कोणती घ्यायची ते त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. नुसतं नाव नाही, डबीखाली छापलेला आवृत्तीचा आकडासुद्धा. एकाच नावाच्या डब्या बाहेरून सारख्या दिसतात आणि आतून वेगळ्या असतात, म्हणून आकडा बघूनच घे, भाव करू नको, असं त्याने बजावलं होतं. मी दुकानात गेलो. दुकानदाराने तोच रंग, तेच नाव, पण आकडा वेगळा असलेली डबी स्वस्तात दाखवली. जुना माल होता, त्याला काढायचा होता, आणि मी पंधरा मिनिटांत त्याला आणखी खाली आणलं. घरी येताना मी खूश होतो. मिलिंदला त्या दिवशी बरं नव्हतं. चष्मा काढून तो सारखे डोळे चोळत होता. डबीखालचा आकडा त्याने वाचलाच नाही. त्याने चिठ्ठी दिली होती, माझ्यावर विश्वास टाकला होता. सॉफ्टवेअर घातलं आणि डबी मेली. दिवा लागेना, काही होईना. त्याने ती उलटी केली, आकडा बघितला, आणि डबी कागदात गुंडाळून ठेवली. पुढच्या रविवारी त्याने ती उघडून, तारा जोडून जिवंत करायचा प्रयत्न केला. ते दुपारपर्यंत चाललं. मध्ये तीनदा उठून तो बाथरूममध्ये गेला. मी म्हटलं, पोट बिघडलंय का, बाहेरचं खाऊन राह्यला का? तो म्हणाला, हो.

माझ्या घासाघिशीने त्याचे दोन रविवार खाल्ले. त्याच्याकडे किती रविवार उरले होते ते मला माहीत नव्हतं. मंदाला त्यातल्या दुसऱ्या रविवारी कळलं.

तिला कसं कळलं तेही सांगतो. डबी जिवंत होईना म्हणून त्याच दुपारी मी ती घेऊन दुकानदाराकडे गेलो, बदलून आणायला. चूक माझी होती, हे मला बराबर ठाऊक होतं. तरी मी तिथे दोन तास भांडलो. आवाज चढवला, गिऱ्हाइकं उभी केली, बिलावर आकडा का लिहिला नाही म्हणून त्यालाच धरलं. शेवटी त्याने कंटाळून मिलिंदने सांगितलेली बरोबर डबी दिली. मी नसताना त्याने मंदाला आजाराचं सांगितलं होतं. मी घरी आलो तेव्हा दोघं बाहेरच्या खोलीत बसलेले होते. मध्ये मंदाची वही उघडी.  मिलिंदच्या समोर ताटलीत भाताची पेज होती, अर्धी उरलेली. मी विचारलं, पाहुण्याला पेज का? मंदा उठून आत गेली. मिलिंद म्हणाला, "जिंकला का?" मी म्हटलं, जिंकलो. तो म्हणाला, "बरं झालं."

त्या संध्याकाळपर्यंत राउटर सुरू झाला. त्याने कॅमेऱ्यांसाठी वेगळी वाट केली, तिला बाहेर जायला बंदी घातली. पाहुण्यांच्या मोबाइलसाठी दुसरी, घरच्या कॉम्प्युटरसाठी तिसरी. मंदाला सगळं स्वतःच्या हाताने दोनदा पुसायला आणि दोनदा पुन्हा उभं करायला लावलं. ती चुकली की तो थांबायचा, सांगायचा नाही, ती स्वतः शोधेपर्यंत बघत राहायचा. वर्गातही तो असाच शिकवायचा म्हणतात. निघताना तो मंदाला जय भीम म्हणाला, मला म्हणाला, जातो. आम्ही जाताना येतो म्हणतो. माझ्या ते लक्षात आलं नाही. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. फोनवर सांगायचा की परीक्षा आहेत, अंबडला गेल्तो, शालिनीच्या बहिणीकडे कार्यक्रम आहे. मला राग यायचा की काम झालं म्हणून हा विसरला. एकदा मी फोनवर तसं बोललोसुद्धा. तो म्हणाला, "विसरल्यावर सांगेन तुला." मी फोन ठेवून दिला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या विधीच्या, दिवशी बुद्धवंदना झाल्यावर शालिनी वहिनी मंदाच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शेवटपर्यंत शब्द पाळला." मी शेजारीच उभा होतो. मग एकेक कळत गेलं. मी गोदामात असताना मंदा दुपारी रिक्षाने त्यांच्या घरी जायची. कॉम्प्युटर शिकायला क्लासला जाते, असं मला सांगायची. ते खोटंही नव्हतं. तो अंथरुणावरून तिला पुढचे धडे द्यायचा. परतताना गाडीत मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, त्यांनी शब्द घेतला होता. मी म्हटलं, संभाजीनगर काय, मी त्याला मुंबईला नेलं असतं, मोठ्या डॉक्टरांसमोर उभं केलं असतं, तो तपासणारा डॉक्टर कोण, त्याला विचारलं असतं... ती खिडकीबाहेर बघत होती. सगळं बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

मागच्या रविवारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. मंदाने वही उघडली. डाव्या पानावर तिचं अक्षर, उजव्या पानावर मिलिंदचं, बारीक, उभं. आधी फाइल काढून ठेवा, मग आकडा दोनदा वाचा, मग घाई करू नका. तिने सगळं तसंच केलं. डबीचे दिवे गेले, आणि घरातलं इंटरनेट गेलं. मी दाराशी उभा होतो, दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे असतात तसा. मला काहीतरी बोलायचं होतं, ओरडायचं होतं, कोणाला तरी फोन लावायचा होता. तिने नुसता हात वर केला. मी फोन खिशात ठेवला. दिवे परत आले. ती वहीवर डोकं ठेवून रडली. मी म्हटलं, आता तरी सांग, माझ्यापासून का लपवलं. ती म्हणाली, "त्या दिवशी ते दोन तास तुमचीच वाट बघत होते. तुम्हाला सांगायचं म्हणूनच आल्ते."

एवढं सांगून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यापुढे एक अक्षर नाही.

म्हणून मी हे छापायला देतोय. घरात विचारलं की ती गप्प होते, आणि मी आवाज चढवतो, हे मला कळतं. मंदा, दुकानात भांडणारा माणूस परत यायची वाट बघत तो दोन तास आपल्या खोलीत बसला होता. मला सांगायला म्हणून आलेला माणूस मी आल्यावर न सांगता कसा उठला? त्या दोन तासांत तो माझ्याबद्दल काय म्हणाला? तू दिलेला शब्द त्याच्या आजारापुरता होता, आणि आजार संपला. मला उत्तर हवं. वाईट असेल तर वाईट सांग. मी समोर बसेन आणि तुझं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलणार नाही.